घास उतरत नाही तेव्हा

अपघात, अत्याचार किंवा घरातला अचानक मृत्यू, असा धक्का बसला की शरीरात ॲड्रेनलिन वाढतं, रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळतं, जठराचं काम मंदावतं, तोंड कोरडं पडतं. अन्न समोर आलं की मळमळतं. हा हट्ट नव्हे.

अशा वेळी पूर्ण ताटाचा आग्रह नको. दर दोन-तीन तासांनी चार चमचे पुरतात : मीठ-तूप घातलेली तांदळाची पेज, मुगाचं कढण, ताकातली नाचणीची आंबील. चावणं जड जात असेल तर हे पिता येतं. फोडणीच्या वासाने उमळत असेल तर गार पदार्थ द्या. त्यांचा वास कमी येतो. नुसता चहा घेत राहिल्याने भूक आणखी मरते, झोपही उडते. भूक लागायची वाट न पाहता घड्याळ पाहून खावं.

मृत्यू झालेल्या घरी शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात, त्या ‘कडू घासा’त मोठं शहाणपण आहे : काय रांधायचं, हा प्रश्नच दुःखितावर पडत नाही. मात्र ही मदत तेराव्यानंतरही लागते, आणि नेमकी तेव्हाच ती थांबते.

‘माझी शपथ आहे, खा’ म्हणू नका. वाटी जवळ ठेवा, सोबत बसून स्वतः जेवा.

पाच दिवसांहून अधिक काळ पोटात जवळजवळ काहीच गेलं नसेल, तर एकदम भरपेट खाणं हृदयाला धोक्याचं ठरू शकतं. आधी डॉक्टरांना दाखवा. मनाच्या आधारासाठी टेलिमानस, १४४१६ : मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.