हात उगारणे म्हणजे प्रेम नव्हे

श्रोतेहो, माहूरगडावर रेणुकामातेच्या दर्शनाला आपल्यापैकी पुष्कळ जण गेले असतील. गाभाऱ्यात मातेचे मुख तेवढे पूजेला आहे. तिची कथा महाभारताच्या वनपर्वात येते. पाण्यात क्रीडा करणारा चित्ररथ राजा दृष्टीस पडला, क्षणभर मन चळले. एवढ्यावरून जमदग्नींनी मुलांना तिचा वध करायला सांगितले. चौघांचा हात उठला नाही. परशुरामाने आज्ञा पाळली. पण वर मागायची वेळ आली तेव्हा त्याने आई जिवंत व्हावी असे मागितले. आणि वधाची आठवण तिला राहू नये, हेही मागितले.

आपल्याला असा वर कोण देणार? गेलेला जीव परत येत नाही, खाल्लेला मार विसरत नाही.

हल्ली संशय मोबाइलवाटे घरात शिरतो. ‘कुणाशी बोलत होतीस? फोन दाखव.’ मग मैत्रिणी तुटतात, एस.टी.ने तालुक्याला जाणे बंद होते. एक दिवस थप्पड बसते. लगेच रडून माफी, चार दिवस गोडीचे, आणि पुन्हा तेच. पोरीला वाटते, जीव लावतो म्हणून रागावतो. नाही हो! जीव लावणारा विचारतो, पहारा करीत नाही. मत्सर कुणाच्याही मनात येईल. तो बोलून दाखवावा, त्या वेळी बाजूला व्हावे, पण हात उगारू नये.

हे थोड्यांचे दुखणे नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितले की, जगात पती किंवा जोडीदार असलेल्या १५ ते १९ वर्षांच्या मुलींपैकी सुमारे चौथा हिस्सा मुलींनी त्याच्याकडून मारहाण वा जबरदस्ती सोसलेली आहे.

गुरुजींनी आणि बाईंनी वर्गात हा विषय काढावा. मुलांना सांगावे, मुलीचा नकार हा अपमान नव्हे. एखादी मुलगी एकाएकी गप्प झाली तर एकांतात विचारावे, ‘तू काय केलेस?’ असे मात्र विचारू नये. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा पत्नीला तर संरक्षण देतोच, पण लग्नासारखे एकत्र राहणाऱ्या स्त्रीलाही देतो. नको म्हटल्यावरही पाठलाग करणे हा गुन्हा आहे. तातडीला ११२, महिलांसाठी १८१ आणि अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी १०९८ हे क्रमांक फळ्यावर लिहून ठेवावेत.

कथेतल्या चार भावांनी आज्ञा मोडली, त्याबद्दल त्यांना शाप मिळाला. आपल्या गावात जो हात आवरतो, त्याला कुणी भित्रा म्हणू नये.