बेरिलियम-तांबे: मऊ धातूचा कणखर अवतार

तांब्यात सुमारे २ टक्के बेरिलियम मिसळून बनवलेला मिश्रधातू सुमारे ७८० अंश सेल्सिअसला तापवून पाण्यात झटकन थंड केला, की तो मऊ राहतो व त्याला हवा तसा आकार देता येतो. पुढे तो सुमारे ३२० अंशांवर दोन-तीन तास ठेवल्यास त्यात बेरिलियमयुक्त अतिसूक्ष्म कण तयार होऊन स्फटिकांचे थर एकमेकांवरून घसरेनासे होतात आणि धातू पोलादासारखा कणखर बनतो. या प्रक्रियेला काल-दृढीकरण म्हणतात. वीज वाहून नेणाऱ्या टिकाऊ स्प्रिंगा आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतील, ठिणगी न पाडणारी हत्यारे त्यापासून घडतात. नवी मुंबईतील वाशी येथे भाभा अणुसंशोधन केंद्राने बेरिलियम निर्मितीचा प्रकल्प उभारला. मात्र बेरिलियमची धूळ फुप्फुसांना गंभीर इजा करत असल्याने ती उगमापाशीच शोषून घेणे अत्यावश्यक असते.