बसलो आणि उतरलो!

मुलांनो, एक ते शंभर आकडे भरभर म्हणून पाहा. म्हटलेत? तेवढ्या वेळात जगात एके ठिकाणी विमान एका विमानतळावरून उडतं आणि दुसऱ्यावर उतरतंसुद्धा! थाप नाही बरं का, अगदी खरं आहे.

हे ठिकाण म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेची ऑर्क्नी बेटं. बेटं सुमारे सत्तर, पण माणसांची वस्ती वीसेक बेटांवरच. त्यांतली दोन शेजारची बेटं म्हणजे वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे. दोन्हीकडे एकेक चिमुकला विमानतळ. त्यांच्यातलं अंतर फक्त २.७ किलोमीटर! आपल्या मुंबईच्या विमानतळाची मोठी धावपट्टीच जवळजवळ साडेतीन किलोमीटर लांब आहे. वेळापत्रकाप्रमाणे चालणारा जगातला सर्वांत छोटा विमानप्रवास तो हाच. १९६७ पासून लोगनएअर कंपनी तो चालवते. विमानही छोटंसं, आठच प्रवाशांचं. एकाला तर चक्क वैमानिकाशेजारी बसायला मिळतं!

आता थोडं गणित करू या. कंटाळू नका! वेळापत्रकात या प्रवासाला दोन मिनिटं दिली आहेत. दोन मिनिटांत २.७ किलोमीटर, तर तासाला किती? ८१. म्हणजे आपल्या रेल्वेगाडीएवढाच वेग! असं कसं? कारण त्या दोन मिनिटांत विमानाचं जमिनीवरून सरकणंही धरलेलं आहे. प्रत्यक्ष हवेत ते मिनिटभरच असतं. स्टुअर्ट लिंक्लेटर नावाच्या वैमानिकाने तर हे अंतर ५३ सेकंदांत कापलं. तो वेग येतो ताशी सुमारे १८३ किलोमीटर.

अंतर तेच, मग वेळ कमी-जास्त का? वाऱ्यामुळे. प्रवाहात चालणाऱ्या होडीची गणितं आठवा. समजा, विमानाचा वेग ताशी २०० किलोमीटर आणि वारा ताशी ५० किलोमीटर. वारा पाठीमागून असेल तर विमान तासाला २५० किलोमीटर पुढे जाईल, समोरून असेल तर १५०च. म्हणून नुसतं अंतर कळून भागत नाही, वाराही बघावा लागतो.

हे सगळं मी वर्गात सांगत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, एवढ्याशा अंतराला विमान कशाला? चालत जायचं की!" सगळे हसले. पण ओढ्यापलीकडच्या वस्तीवरून येणारी एक मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "मध्ये पाणी असेल ना, बाई. आमच्या ओढ्यासारखं."

अगदी बरोबर बोलली ती! आमच्या गावचा ओढा उन्हाळ्यात चार उड्यांत ओलांडता येतो. पण पावसाळ्यात पूर आला, की तिच्या वस्तीवरची मुलं घरीच अडकतात. शाळा समोर दिसते, पण येता येत नाही.

पापा वेस्ट्रेवर शंभराहूनही कमी माणसं राहतात. भोवती खवळणारा समुद्र. बोटी आहेत, पण त्यांना वेळ लागतो आणि वादळात त्या बंद राहतात. या इवल्याशा विमानाने तिथे शिक्षक येतात, डॉक्टर येतात, आजारी माणसाला मोठ्या बेटावरच्या दवाखान्यात नेता येतं. तिकिटांच्या पैशांत एवढा खर्च भागत नाही, म्हणून तिथलं स्थानिक प्रशासन पैशांची मदत करतं. माणसं थोडी असली, तरी त्यांची शाळा आणि दवाखाना तुटता कामा नये, म्हणून!

तेव्हा बालमित्रांनो, आज एक काम करा. घर ते शाळा अंतर किती, वेळ किती लागतो, आणि पावसाळ्यात तोच किती होतो, ते वहीत लिहा. मग शेजारच्या मित्राची वही बघा. अंतर सारखं असूनही त्याचा वेळ जास्त आहे का? असेल, तर का, ते त्यालाच विचारा. आणि आई-बाबांनाही सांगा!