परदेशांतील वीज व आपलीं उपकरणें

आपल्या शाळेंतून बाहेर पडलेले विद्यार्थी हल्लीं शिक्षणासाठीं व नोकरीसाठीं दूरदेशीं जातात. जातांना आई त्यांच्या पेटींत प्रेमानें विजेची किटली ठेवून देते; येतांना तेही तिकडील एखादें यंत्र भेट म्हणून आणतात. आमच्या घरीं एका आप्तानें अमेरिकेहून केस वाळविण्याचें यंत्र आणलें. त्याच्या चपट्या पिना आपल्या प्लगांत बसेनात, म्हणून बाजारांतून एक जोड आणून आम्हीं तें लावलें. क्षणभर तें मोठ्यानें घरघरलें, जळका वास आला व धूर निघाला. तें हातीं धरलेली मुलगी थोडक्यांत बचावली.

असें कां व्हावें? उंच टाकींतील पाणी नळास जोरानें येतें, ठेंगण्या टाकींतील मंद येतें. विजेलाही असाच दाब असतो व तो व्होल्ट या मापानें मोजतात. भारतांत व इंग्लंडांत घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट आहे; अमेरिकेंत १२०, तर जपानांत अवघा १००. दाब दुप्पट झाला म्हणजे तारेंतील प्रवाहही दुप्पट होतो, आणि उष्णता ह्या दोहोंच्या गुणाकाराइतकी, म्हणजे चौपट होते. म्हणून १२० व्होल्टांची तार २३० व्होल्टांवर साडेतीन पटींहून अधिक उष्णता देऊं लागते. उलट, आपली १००० वॉटांची किटली अमेरिकेंत जळत नाहीं. पण तिला जेमतेम २७० वॉट मिळतात, व चहाची वाट पाहून जीव कंटाळतो.

दुसरा भेद आवर्तनांचा. येथें विजेचीं सेकंदास ५० आवर्तनें होतात, अमेरिकेंत ६०. आवर्तनांवर चालणारें येथील घड्याळ, दाब जुळविला तरी, तेथें तासास १२ मिनिटें पुढें जाईल. जपानांत तर देश एक आणि आवर्तनें दोन! तोकियोनें प्रथम जर्मन यंत्रें घेतलीं, ओसाकानें अमेरिकन. त्यामुळें पूर्वेस ५० व पश्चिमेस ६०. सन २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेस विजेची टंचाई पडली, तेव्हां ह्याच भेदामुळें पश्चिमेची वीज तिकडे पुरेशी पाठवितां आली नाहीं.

मग करावें काय? उपकरणावरील बारीक अक्षरें वाचावीं. ‘१००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असें लिहिलें असल्यास, आणि मोबाइलच्या बहुतेक चार्जरांवर तें असतें, साधा जोड पुरे. तसें नसल्यास ट्रान्सफॉर्मर लागतो, व त्याची वॉटशक्ति उपकरणाहून अधिक हवी. किटली, इस्त्री हीं तिकडेच विकत घेणें स्वस्त पडतें. जोड पिनांचा आकार बदलतो, दाब बदलत नाहीं, हें पक्कें ध्यानांत ठेवावें.

आमच्या त्या यंत्रावरही ‘१२० व्होल्ट’ असें स्पष्ट छापलेलें होतें. वर्गांत वीज शिकविणाऱ्या आम्हांसच तें वाचण्याचें सुचलें नाहीं. विद्यार्थ्यांनो, ज्ञान पुस्तकांत राहिलें तर तें हात भाजण्यापासून वांचवीत नाहीं; प्लग लावण्यापूर्वीं तें आठवावें लागतें.