जहाजाच्या आदल्या दिवशी

मुंबईहून क्रूझने निघणाऱ्या पुणेकराने आदल्या दिवशीच मुंबई गाठावी. वरवर पाहता याची गरज वाटत नाही: डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुण्याहून सुटते, साडेदहाच्या सुमारास सीएसएमटीला पोहोचते आणि तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. पण पाळायची वेळ जहाज सुटण्याची नसून चेक-इन बंद होण्याची असते, आणि ती बरीच आधी येते. एक गाडी चुकली तर दुसरी आहेच, हा युक्तिवाद फसवा आहे, कारण सगळ्याच गाड्या बोरघाटातून उतरतात. मार्ग अडला की पर्यायही अडतात. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. क्रूझचा मुख्य हंगाम पावसाळ्यानंतरचा, हे खरे. पण तुटणारी ओव्हरहेड वायर आणि रविवारचा मेगाब्लॉक बारमाही असतात. हॉटेलचा एका रात्रीचा खर्च खटकेल. मात्र हुकलेल्या जहाजाचे भाडे सहसा बुडते आणि रेल्वे त्याची भरपाई देत नाही. मुक्काम टाळायचाच असेल, तर निदान पहाटेची गाडी धरावी आणि जहाजाचे तिकीट काढण्यापूर्वी त्या दिवसाचा वार पाहावा.