पहिली भेट ठरवताय? आधी मागच्या बाकाचा विचार करा!

तुमचाही असा एखादा ग्रुप असेलच. कुणाचा कोडिंगचा, कुणाचा ड्रोनचा, कुणाचा थ्रीडी प्रिंटिंगचा. रात्री दीड वाजता प्रश्न टाकला तरी पाच मिनिटांत कुणीतरी उत्तर देतं. त्या 'कुणीतरी'चा चेहरा आपण पाहिलेला नसतो, डीपीवर त्याची मांजर असते. मग एक दिवस कुणी लिहितं, 'अरे, एकदा भेटू या ना!' धडाधड थम्स-अप पडतात. खरी गंमत त्यानंतर सुरू होते.

आमचा ग्रुप आर्डुइनोवर खटपटी करणाऱ्यांचा. म्हणजे खटपटी इतर करतात, मी आपली मास कॉमची. 'तू मास कॉमची ना? मग इव्हेंट तुझा,' असं म्हणून पुण्यातली पहिली भेट माझ्या गळ्यात पडली. 58 जण 'येतो' म्हणाले, आले 19. हॉल तिसऱ्या मजल्यावर आणि त्याला कुलूप. वॉचमनकाकांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. प्रोजेक्टरची केबल एकाही लॅपटॉपला लागेना. हे सगळं निभावलं हो! पण एक गोष्ट अजून मनातून जात नाही.

साताऱ्याहून एक मुलगी एकटीच आली होती. मागच्या बाकावर बसली, मांडीवर मिठाईचा रिकामा बॉक्स धरून. पुढे तीन भाषणं झाली, तीही लांबली. साडेसहाला ती हळूच उठून गेली. दोन दिवसांनी मेसेज आला, 'बॉक्समध्ये सेन्सर होता. बाबांच्या वांग्यांसाठी केलाय, मातीतला ओलावा मोजतो. रीडिंग चुकतंय, कुणाला तरी दाखवायचं होतं.' 19 जणांमध्ये तिला उत्तर देऊ शकणारे निदान पाच तरी होते. आणि आम्ही तिला काय दिलं? भाषणं आणि एक वडापाव.

गॅरेजमधले 32 जण

त्यानंतर मी जरा शोधाशोध केली. अशा पहिल्या भेटींमधली सगळ्यात गाजलेली भेट झाली 5 मार्च 1975 रोजी, कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कमध्ये. फ्रेड मूर आणि गॉर्डन फ्रेंच या दोघांनी घरच्या घरी संगणक बनवू पाहणाऱ्यांना बोलावलं होतं. जागा होती फ्रेंचचं गॅरेज. बाहेर पाऊस, आत 32 माणसं. हाच पुढे प्रसिद्ध झालेला 'होमब्रू कॉम्प्युटर क्लब'.

त्या 32 जणांत 24 वर्षांचा, कमालीचा लाजाळू एक इंजिनीअर होता. मित्राच्या सांगण्यावरून आला होता आणि विषय वेगळाच असेल असं त्याला वाटलं होतं. इथे तर सगळे मायक्रोप्रोसेसर आणि 'अल्टेअर' या नव्या संगणकाबद्दल बोलत होते. आपण उगाच आलो, असं त्याला झालं. पण तिथे वाटलेला एका मायक्रोप्रोसेसरचा माहितीचा कागद तो घरी घेऊन गेला आणि त्याच रात्री त्याच्या डोक्यात स्वतःच्या संगणकाचं चित्र तयार झालं. त्याचं नाव स्टीव्ह वॉझनियाक. त्यातूनच पुढे 'अ‍ॅपल-1' झाला.

या क्लबच्या नंतरच्या बैठकांची पद्धत मला फार आवडली. आधी एकेकाने उभं राहून सांगायचं: माझ्याकडे काय आहे, मला काय हवंय. मग सगळ्यांनी मोकळं फिरायचं आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचंय त्याला गाठायचं. बस्स!

मग आपण काय करायचं?

*वेळ:* संध्याकाळची वेळ पुण्यात राहणाऱ्यांसाठी ठीक. पण हॉस्टेलचं गेट नऊला बंद होतं आणि एसटी कुणासाठी थांबत नाही. सकाळी 11 ते दुपारी 3 ठेवा. दोन-तीन तारखा देऊन आधी लांबून येणाऱ्यांना विचारा, गाववाल्यांना नंतर.

*जागा:* भारी नको, सापडणारी हवी. स्टँडवरून रिक्षाने किती वेळ लागतो, टॉयलेट आहे का, प्लग किती, हे स्वतः जाऊन बघा. कॉलेजचा हॉल असेल तर परवानगीच्या पत्राची एक प्रत वॉचमनकाकांच्या हातात द्या. एक्स्टेन्शन बोर्ड मात्र घरून न्या. ते कधीच पुरत नाहीत.

*पैसे:* चहा-नाश्त्याची वर्गणी आधीच सांगा आणि हिशोब त्याच रात्री ग्रुपवर टाका. पन्नास रुपयांवरून बिनसलेली मैत्री लवकर जुळत नाही.

*नावं:* शर्टावर लावायच्या स्टिकरवर खरं नाव आणि ग्रुपवरचं नाव, दोन्ही लिहा. नाहीतर रोज बोलणारे दोघं शेजारी बसून एकमेकांना ओळखत नाहीत. आमच्याकडे हे खरंच झालं! फोटो काढताना आणि टाकताना आधी विचारा.

*स्वागत:* दारात एक माणूस असा ठेवा, ज्याचं काम एकच: एकट्या आलेल्याला कुणाशी तरी जोडून देणं. पोस्टरवर त्याचाच फोन नंबर द्या आणि त्याने तो उचलायला हवा.

*भाषा:* मराठीत विचारलेला प्रश्न कच्चा नसतो. सुरुवातच मराठीत झाली, की अर्धे लोक आपोआप बोलते होतात.

*भाषण:* एकच, तेही वीस मिनिटांचं. ज्ञान तर घरबसल्या मिळतंच. लोक येतात ते आपली अडलेली वस्तू दुसऱ्याच्या हातात द्यायला.

आणि हो, आकड्याचं टेन्शन घेऊ नका. 58 चे 19 झाले म्हणून मी रडायची बाकी होते. आज वाटतं, 19 पुष्कळ होते. चुकलं ते हे, की आम्ही त्यांना वर्गासारखं ओळीत बसवलं.

आमची दुसरी भेट येत्या रविवारी आहे, सकाळी 11 वाजता, स्वारगेटजवळ. खुर्च्या गोलात आणि टेबल मधोमध. साताऱ्याच्या मैत्रिणीला मी स्वतः फोन केला. येते म्हणाली. फक्त एकच विचारलं, 'भाषणं किती आहेत गं?'