नान नावाचं निवांत गाव

थायलंडला चाललो असं पुरुषांनी सांगितलं, की ऐकणारा गालातल्या गालात हसतो. तेच बायकांनी सांगितलं, की भुवया वर जातात. "थायलंड? आणि तुम्ही बायका-बायकाच? तिथे तुमच्यासारख्यांनी बघण्यासारखं काय आहे?" गेले सहा महिने हा प्रश्न आम्ही पाचजणींनी इतक्यांदा ऐकलाय, की आता उत्तर पाठ झालंय. थायलंडमध्ये पट्टाया आहे, तसंच नानही आहे. हा नान तंदूरमधला नव्हे बरं का! थायलंडच्या पार उत्तरेला, लाओसच्या सीमेला टेकलेला हा डोंगराळ प्रांत. त्याच्या मुख्य गावाचं नाव नान, आणि गावाला लागून वाहणाऱ्या नदीचंही नानच.

आम्ही पाचजणी म्हणजे एकाच मंडळातल्या. वयं बेचाळीसपासून सहासष्टपर्यंत. पैसे भिशीतून बाजूला टाकलेले, दोन वर्षं. सुरुवातीला एका टूरवाल्याकडून कागद आणला होता. पाच रात्री, चार शहरं, अकरा पॉइंट. सकाळी सहाला चहा, साडेसहाला बस. सगळ्यांचा वाचून झाल्यावर आमच्यातली सर्वांत कमी बोलणारी जी आहे ती म्हणाली, "मला पॉइंट नकोत गं. सकाळी कुणी हाक मारणार नाही, अशी जागा हवी." चार वर्षं नवऱ्याचं अंथरुणावरचं आजारपण काढलंय तिने. रात्री दोनला, पहाटे चारला, केव्हाही हाक. गेल्या वर्षी ते गेले. हाक थांबली, पण ही अजून दचकून उठते. त्या कागदाबद्दल मग कुणी काही बोललंच नाही.

नानचं नाव सुचवलं माझ्या मावसबहिणीने. नोकरीमुळे ती बँकॉकला सहा वर्षं होती. ती म्हणाली, "बँकॉकची माणसं थकली की नानला जातात. आपल्याकडची टूर तिथे सहसा जात नाही, कारण तिथे दाखवायला फारसं काही नाही. बसायला मात्र खूप आहे."

तेव्हापासून वही घेऊन बसलोय, आणि एक गोष्ट लक्षात आली. धावपळीची सहल आखणं सोपं असतं, यादी केली की झालं. शांत सहल आखताना काय बघायचं नाही, हे ठरवावं लागतं, आणि तिथेच वाद होतात. 'एवढे पैसे खर्चून जातोय तर चियांग माई नको का? फुकेत नको का?' हे आमच्यातही झालंच. शेवटी नऊ दिवसांपैकी जाण्यायेण्याचे नि बँकॉकचे वगळून पाच रात्री नानच्या, असं ठरलं. तीन गावात, दोन डोंगरात. (फुकेतची हौस असणारीची सोय मात्र परस्पर झाली. नान प्रांतातल्या पुआ नावाच्या तालुक्यात 'वात फुकेत' नावाचं एक देऊळ आहे. समुद्राशी त्याचा काही संबंध नाही. त्याच्या सज्जातून खाली नुसती भातशेती दिसते म्हणे. वात म्हणजे मंदिर आणि विहार.)

आधी कधी जायचं ते सांगते, कारण इथेच बरेच जण फसतात. हिरवीगार भातखाचरं हवी असतील तर ऑगस्ट-सप्टेंबर, पण तो पावसाचा काळ. 2024 च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा 2025 च्या जुलैमध्ये नान नदीला मोठा पूर आला आणि गावात पाणी शिरलं. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून एप्रिलपर्यंत उत्तर थायलंडात शेतं आणि रानं जाळतात, त्याचा धूर भरून राहतो. दम्याचा त्रास असणारीने तेव्हा जाऊच नये. उरले नोव्हेंबर ते जानेवारी. त्यातही डिसेंबरच्या सुट्ट्यांत थंडी अनुभवायला थाई लोकच तिथे गर्दी करतात. म्हणून आम्ही जानेवारीचा दुसरा पंधरवडा धरलाय, आणि डोंगरातल्या दोन रात्री मुद्दाम आठवड्याच्या मधल्या वारी. स्वेटर हवाच. थायलंड म्हणजे उकाडा, ही समजूत नानच्या पहाटेला लागू नाही.

प्रवासाचं म्हणाल, तर मुंबईहून बँकॉक विमानाने साधारण साडेचार तास. इथे एक खाचखळगा आहे. बँकॉकला विमानतळ दोन. भारतातून येणारं विमान बहुधा 'सुवर्णभूमी'वर उतरतं (नाव आपलंच, आणि आत समुद्रमंथनाचं भलंमोठं शिल्पही आहे), आणि नानला जाणारी विमानं सुटतात ती 'दोन मुआंग' या जुन्या विमानतळावरून. दोन्हींच्या मध्ये अख्खं शहर. पुढचं तिकीट दाखवलं तर फुकट बस मिळते, पण रस्त्यावरची कोंडी धरून पाच-सहा तास तरी मध्ये ठेवावेत. आम्ही तर सरळ एक रात्र बँकॉकलाच मुक्काम ठेवलाय. नानला विमान तासा-सव्वातासात पोहोचतं. रात्रीच्या बसनेही जाता येतं, साडेसहाशेहून जास्त किलोमीटर, दहा-अकरा तास. पैसे वाचतात, पण आमच्या सहासष्ट वर्षांच्या काकूंच्या गुडघ्यांनी बसला नकार दिलाय.

कागदपत्रांचं एक सांगून ठेवते. जुलै 2024 मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाशिवाय साठ दिवस राहण्याची सवलत दिली. पण हे नियम सारखे बदलतात. त्यामुळे शेजारणीची मुलगी मागच्या वर्षी कशी गेली, यावर विसंबू नका. तिकीट काढायच्या आधी त्यांच्या दूतावासाच्या माहितीतून खात्री करा. 1 मे 2025 पासून तिथे उतरण्याआधीच्या तीन दिवसांत एक प्रवेशपत्र इंटरनेटवरून भरावं लागतं. ते मोफत असतं. कुणी त्याचे पैसे मागितले, तर समजून घ्या. परतीचं तिकीट नि मुक्कामाचा पत्ता छापून पर्समध्ये हवा, आणि हॉटेलचं नाव थाई लिपीतही. नानमध्ये इंग्रजी बेताचंच चालतं. पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155; तो पाचहीजणींच्या मोबाइलमध्ये घातलाय. 2025 मध्ये थायलंड-कंबोडिया सीमेवर चकमकी झाल्या, त्या बातम्यांनी घरचे घाबरले होते. त्यांना नकाशा उघडून दाखवला. ती सीमा पूर्वेकडे, नान पार उत्तरेला.

आता गावाकडे वळू या. नान पूर्वी स्वतंत्र राज्य होतं, नंतर सयामचं मांडलिक. शेवटचे राजे 1931 मध्ये वारले आणि गादी संपली. राजवाड्यात आता सरकारी संग्रहालय आहे. तिथे राज्याचं दैवत मानला गेलेला काळा हस्तिदंत ठेवलाय, पण बहिणीच्या आठवणीत राहिलंय ते अंगण. दोन्ही बाजूंनी चाफ्याची झाडं वाकून वर कमान झालेली. या चाफ्याचं थाई नाव 'लीलावदी', म्हणजे आपली लीलावती! त्याचं जुनं नाव दुःख या अर्थाच्या शब्दासारखं ऐकू येई, म्हणून तिथले लोक हे झाड दारात लावत नसत. नाव बदललं आणि झाड घरोघरी आलं. आपल्याकडेही नुसत्या नावापायी कायकाय दाराबाहेर राहिलंय, नाही?

समोरच वात फुमिन. 1596 च्या सुमारास बांधलेलं देऊळ. चार दिशांना तोंड करून पाठीला पाठ लावून बसलेले चार बुद्ध, आणि पूर्ण इमारत आपल्या अंगावर पेलत आरपार गेलेले दोन नाग. पण खरा खजिना भिंतींवर आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली चित्रं. कथा जातकातली, गरीब बाईच्या पोटी जन्मलेल्या, बापाविना वाढलेल्या मुलाची. चित्रकाराने मात्र कडेकडेने आपलं गावच रंगवलंय. मागावर बसलेली बाई, गप्पा मारणाऱ्या पोरी, दूरदेशीचे जहाजावरचे गोरे. सर्वांत प्रसिद्ध आहे ती जोडी. गोंदलेल्या अंगाचा पुरुष बाईच्या खांद्यावर हात ठेवून तिच्या कानात काहीतरी कुजबुजतोय. हे चित्र नानमध्ये टी-शर्टवर, पिशव्यांवर, सगळीकडे. फोटो काढून दोन मिनिटांत बाहेर पडणारेही असतात. आम्ही तिथे एक सकाळ ठेवलीय.

देवळात खांदे नि गुडघे झाकलेले हवेत, म्हणजे आपला पंजाबी ड्रेस बिनधास्त. बुद्धाकडे पाय करून बसायचं नाही, हे आपल्याला सांगायला नकोच. भिक्षूंना बाईने स्पर्श करायचा नाही, हातात वस्तूही द्यायची नाही. हा नियम मला टोचतो, सरळच सांगते. पण पाहुणी म्हणून गेल्यावर पाळणार. शुक्रवार ते रविवार संध्याकाळी देवळापुढच्या रस्त्यावर बाजार भरतो. चटया अंथरलेल्या असतात, खाणं घ्यायचं आणि मांडी घालून बसायचं.

माझ्या मनातली जागा मात्र गावापासून साधारण चाळीस किलोमीटरवरची, नोंग बुआ. ही ताई लू लोकांची वस्ती. त्यांचे पूर्वज आज चीनमध्ये असलेल्या सिपसोंगपन्ना भागातून आले. इथल्या बायका 'लाय नाम लाय' नावाचं लुगडं विणतात. अर्थ, वाहत्या पाण्याची नक्षी. पायऱ्यापायऱ्यांनी पाण्याच्या लाटा उतरल्यासारख्या दिसतात. ऐकून गंमत वाटेल, पण ही विणायची रीत आपल्या पैठणीच्या पदराची सख्खी बहीण. पैठणीत जसे वेगवेगळ्या रंगांचे आडवे धागे हातानेच एकमेकांत अडकवत नक्षी भरतात, तसंच इथे. बोटांनी धागा उचलायचा, पलीकडच्यात गुंतवायचा. येवल्याला मागावर बसलेल्या बायांची पाठ मी पाहिलीय. दिवसभरात किती बोटं कापड पुढे सरकतं, तेही पाहिलंय. म्हणून आमच्यात ठरलंय की इथे घासाघीस नाही. बजेटमध्ये 'विणकरणीकडून एक कापड' असा प्रत्येकीचा वेगळा रकाना आहे, आणि बाकीच्या खरेदीला त्यासाठीच कात्री लावलीय.

खाण्याची काळजी शाकाहारी मैत्रिणींना जास्त. मुख्य अडचण मासळीच्या सॉसची, 'नाम प्ला'ची. भाजीतही तो पडतो. 'जे' हा शब्द लक्षात ठेवा. त्यात मांस, मासळी, अंडं नाहीच, कांदा-लसूणही नाही. 'मांगसाविरात' म्हटलं तर साधं शाकाहारी. शब्द नीट ऐका, 'मांस-विरत'च आहे तो! चिकट भात, फळं, भाजलेली केळी सगळीकडे मिळतात. मेतकूट आणि लाडू बरोबर असतीलच. मांसाहारी खाणारीने मात्र 'माख्वेन' घातलेली तळलेली कोंबडी चुकवू नये. माख्वेन म्हणजे आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच जातकुळीतला मसाला, तशीच जीभ चुरचुरते.

डोंगरातल्या दोन रात्री बो क्लुआच्या बाजूला, सपन नावाच्या छोट्या वस्तीत. ओढा, शेतं, घरगुती खोल्या. पुआहून तिथे जाणारा घाट फार वळणांचा आहे, तेव्हा आवळासुपारी हाताशी ठेवायची. पाचजणींत चालकासह एक गाडी ठरवणं सोयीचं. सार्वजनिक गाड्या मोजक्याच. बो क्लुआ म्हणजे मिठाची विहीर. समुद्र शेकडो किलोमीटर दूर, आणि डोंगरातल्या विहिरीत खारं पाणी! ते शेंदून मोठ्या कढयांत लाकडाच्या जाळावर आटवतात आणि मीठ बांबूच्या टोपल्यांत निथळत टांगतात. त्यात आयोडीन नसतं, म्हणून विकताना ते मिसळतात. गलगंडाच्या प्रचारासाठी वाडीवस्तीवर फिरलेल्या मला हे बघायचंच आहे.

घाटात उघडेबोडके डोंगरही दिसतील. मक्याच्या शेतीसाठी नानचं बरंच जंगल गेलं. कोंबड्यांचं खाद्य व्हावं म्हणून हा मका जातो, आणि डोंगर चढून तो पेरणाऱ्याच्या हाती थोडंच उरतं. ही नदी पुढे जाऊन चाओ फ्राया होते, बँकॉकमधून वाहते. म्हणजे डोंगरावरची माती कुठवर जात असेल बघा. फोटोतल्या नानमध्ये हे नसतं.

तर असा बेत आहे. सपनच्या खोल्यांपैकी ओढ्याकडची, सगळ्यांत टोकाची खोली कुणाला द्यायची, यावर चर्चा झालीच नाही. नाश्त्याची वेळ त्या बाईंना विचारली, तर उत्तर आलं, उठाल तेव्हा. आता घरच्या नऊ दिवसांचं बघायचंय. चौघींच्या घरी पुरुषमंडळींना कुकरच्या शिट्ट्या शिकवणं चालू आहे. डाळीला किती, तांदळाला किती, ते फ्रिजवर चिकटवलंय.